शिशाची कढई आणि घरातले मूल

पुणे-हैदराबाद महामार्गावर टायरचे दुकान असलेल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "चाकाचे बॅलन्सिंग करताना निघालेली शिशाची जुनी वजने आमच्याकडे बादलीभर साठतात. उजनीकडचे काही मच्छीमार ती किलोच्या भावाने घेऊन जातात व घरीच वितळवून जाळ्याच्या गोळ्या ओततात. परवा त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, याचा धूर अंगाला बाधतो का हो? त्याला काय सांगू?"

प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तराला या आठवड्याची सगळी जागा लागणार. धूर बाधतो, हे खरे. परंतु धुराहून अधिक बाधते ती कढईत वर तरंगणारी राख, आणि तिचा सर्वांत मोठा फटका ज्याला बसतो तो बहुधा कढईजवळ उभाही नसतो. तो घरात रांगत असतो.

ज्यांना ही वजने ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाडी वेगात असताना चाक थरथरू नये म्हणून रिमच्या कडेला काही ग्रॅमचे छोटे तुकडे ठोकतात किंवा चिकटवतात. शिसे जड, मऊ, स्वस्त आणि न गंजणारे, म्हणून वर्षानुवर्षे हे तुकडे शिशाचेच असत. युरोपात मोटारींच्या चाकांना शिशाची वजने लावणे २००५ पासून बंद झाले व त्यांची जागा जस्ताने आणि लोखंडाने घेतली. आपल्याकडे दुकानदाराच्या बादलीत आज तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. कडेला ठोकायच्या वजनात शिशाबरोबर थोडे अँटिमनी मिसळलेले असते, त्यामुळे ते जरा कडक असते. चिकटवायची पट्टी जवळजवळ शुद्ध शिशाची व मऊ असते.

मच्छीमारांना शिसे का लागते हे सांगायला नको. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, आणि माढा-करमाळ्यापासून पार भिगवणपर्यंत पसरलेल्या त्या पाण्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटू लागली. फेकजाळ्याच्या घेराला सगळीकडून वजन लागते, तरच ते पाण्यात झटकन बसते. बाजारात तयार गोळ्या मिळतात, पण भंगारातले शिसे स्वस्त पडते आणि ओतणे अवघड नसते. चुलीवरसुद्धा शिसे वितळते. धोका नेमका याच सोपेपणात आहे.

जुनी ओळख

शिसे आपल्याला परके नाही. संस्कृतात त्याला नाग म्हणतात. खरा शेंदूर म्हणजे शिशाचेच तांबडे रूप. गवयाला कोणी वैऱ्याने शेंदूर खाऊ घातला आणि त्याचा आवाज कायमचा बसला, अशा गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. त्यातले खरेखोटे बाजूला ठेवू. शेंदूर पोटात जाऊ नये एवढे शहाणपण त्या गोष्टींत नक्की होते. जुन्या बाजारपेठेत गांध्याच्या दुकानी मिळणारे मुरदाडशिंग हेही शिशाचेच पिवळसर भस्म. आणि हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या जुन्या लोकांना छापखान्यातले खिळे आठवत असतील. तेही शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे. खिळे जुळविणाऱ्या व ओतणाऱ्या कामगारांना दूध, गूळ, केळी देण्याची पद्धत होती. तिच्याकडे पुढे वळतो. (शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते. ते ग्रॅफाइट असते. मुलाने पेन्सिल चावली म्हणून रात्री दवाखान्याचे दार ठोठावणाऱ्या पालकांनी निश्चिंत असावे.)

आता कढईकडे येऊ. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ते उकळते मात्र १,७०० अंशांच्याही वर. म्हणजे नुकत्याच वितळलेल्या शिशातून वाफ फारच थोडी निघते. तापमान ५०० अंशांच्या पुढे जाऊ लागले की ती झपाट्याने वाढते. भात्याने फुंकलेल्या कोळशावर, रॉकेलच्या मोठ्या स्टोव्हवर किंवा लाकडाच्या भडक्यावर तेवढे तापमान सहज गाठले जाते. कढईतले शिसे अंधारात लालसर दिसू लागले असेल तर ते ५०० च्या कितीतरी पुढे गेलेले आहे असे समजावे. ही वाफ हवेत येताच थंड होऊन तिचे इतके बारीक कण होतात की ते नाकातल्या केसांना दाद न देता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथून रक्तात. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे या कणांपुढे मच्छरदाणीने पीठ चाळण्यासारखे आहे.

वितळलेल्या शिशावर हवेमुळे एक साय धरते. ती काढली की पुन्हा धरते. पिवळसर-करडी, भुकटीसारखी. हेच ते मुरदाडशिंग आणि त्याचे भाऊबंद. अखंड शिशाचा गोळा चुकून गिळला तर तो बहुतेक वेळा तसाच बाहेर पडतो (तरी डॉक्टरांना दाखवावेच), कारण गोळ्याचा पृष्ठभाग लहान असतो. पण ही भुकटी पोटातल्या आम्लात चटकन विरघळते. लोक तिला 'मळी' म्हणून झाऱ्याने काढतात आणि तिथेच शेजारी आपटतात. वाळलेली मळी वाऱ्याने उडते, चपलेला लागते, शर्टावर बसते, केसांत शिरते. सोलापूरच्या उन्हाळ्यातला वारा सगळ्यांना माहीत आहे.

शिशाला नुसता हात लावल्याने विष अंगात भिनते, हा समज मात्र खरा नाही. धातूचे शिसे धड कातडीतून आत जात नाही. ते जाते नाकातून आणि तोंडातून. तोंडात जाते हातावरून. आणि आपल्याकडे हातावरून तोंडात जाणारी सर्वांत नेमाची गोष्ट कोणती? तंबाखू. तळहातावर चुना घालून, अंगठ्याने दाबून दाबून मळलेली चिमूट. हातावर शिशाची धूळ असेल तर ती त्या चिमटीत व्यवस्थित खलली जाते. विडी ओढणाऱ्याचेही तेच. जाळ्याच्या दोरीवर शिशाची फट दाताने दाबून बसविण्याची खोड काही मच्छीमारांना असते; ती तर आजच सोडावी.

मिठाचा एक कण

रक्तातले शिसे मायक्रोग्रॅममध्ये, दर डेसिलिटरला म्हणजे १०० मिलिलिटरला किती, असे मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे. अमेरिकेने त्याच वर्षी मुलांसाठी ही रेषा साडेतीनवर आणली. याचा अर्थ त्याखाली सुरक्षित असा नव्हे. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही.

आता हिशेब करून पाहा. दोन वर्षांच्या, १२ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण ९०० मिलिलिटर. म्हणजे ५ ची रेषा गाठायला त्याच्या सगळ्या रक्तात मिळून ४५ मायक्रोग्रॅम शिसे पुरते. मिठाच्या एका बारीक कणाचे वजन साधारण तेवढेच भरते. अंगात गेलेले सगळेच शिसे रक्तात राहत नाही, बरेचसे हाडांत जाते, हे धरले तरी आकडा बोटाच्या टोकावर मावणाराच आहे. वडिलांच्या शर्टाच्या घडीत यापेक्षा कितीतरी अधिक असते.

शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास रक्तात शिरते, तर लहान मुलाच्या पोटातून निम्म्याच्या जवळपास. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त, कारण आतडे लोहाच्या भुकेने शिसेच ओढून घेते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर तीन मुलांमागे दोन रक्तक्षयी आढळली. रक्तक्षयी मूल माती खाते. माती अंगणातली असते. अंगणात कढई असते. हे वर्तुळ मला फार भीतिदायक वाटते.

मुलाच्या मेंदूवर होणारा परिणाम गाजावाजा करीत नाही. ताप नाही, पुरळ नाही, उलटी नाही. मूल उशिरा बोलते, एका जागी बसत नाही, शाळेत मागे पडते, चिडचिड करते. मास्तर म्हणतात लक्ष नाही, आजी म्हणते दृष्ट लागली. गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेच्या २०२० सालच्या अहवालाचा अंदाज असा, की जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे आणि त्यांतील साडेसत्तावीस कोटींच्या आसपास एकट्या भारतात आहेत. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी कडक मर्यादा आली. म्हणजे मोठे दरवाजे बंद होत आले आहेत. उघडे राहिले ते भंगाराचे दार.

पोटदुखी पित्ताची नव्हती

काही वर्षांपूर्वी धरणाकाठच्या एका गावातून पस्तिशीचा एक मच्छीमार माझ्याकडे आला. सहा महिने पोटात पिळवटून कळा येत होत्या. चार-चार दिवस शौचाला होत नव्हते. पित्ताच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, सोनोग्राफी, दुर्बीण सगळे झाले होते. एका ठिकाणी तर अपेंडिक्स काढण्याची तारीखही ठरली होती. माणूस फिकट पडलेला, हिमोग्लोबिन साडेआठ. हिरड्यांच्या कडेने निळसर-काळी रेघ होती, पण तंबाखूने काळ्या झालेल्या तोंडात ती सहज दिसणारी नव्हे. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तांबड्या पेशींवर निळे ठिपके विखुरलेले होते. मग व्यवसाय विचारला, आणि पुढे "जाळ्याचे शिसे कुठून आणता?" असे विचारले.

रक्तातले शिसे ६० च्या वर निघाले. तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःसाठी आणि गावातल्या इतरांसाठी हिवाळाभर गोळ्या ओतत असे. पत्नीचे रक्त तपासले, मुलीचे तपासले. चार वर्षांची ती पोर शेडकडे फिरकतही नव्हती. तिला तिथे जायला बंदी होती. तिचा आकडा ३० च्या घरात होता. कामाचे कपडे घरातल्या खुंटीला टांगलेले, त्याच खुंटीखाली तिची झोपायची गोधडी. आणि ती भिंतीचे पोपडे व माती खायची. बापाची कळ तीन महिन्यांत गेली. मुलीचा आकडा उतरायला दोन वर्षे लागली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. सेनेगल देशाच्या डाकार या राजधानीजवळ समुद्रकाठी थियारोये नावाची वस्ती आहे. तिथे एका लोहाराने मोटारीच्या बॅटऱ्यांतले शिसे काढून कोळ्यांच्या जाळ्यांसाठी वजने ओतायला सुरुवात केली आणि पाहता पाहता तो वस्तीचा धंदा झाला. माती शिशाने भरून गेली. पुढे शिशाचा भाव चढला तेव्हा बायाबापड्या तीच माती खणून, घरी आणून चाळू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथे १८ लहान मुले दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने त्यांची भावंडे तपासली तेव्हा तपासलेल्या प्रत्येकाच्या रक्तात शिसे धोक्याच्या बरेच वर होते.

तरीही ओतायचेच असेल तर

माझे मत विचाराल तर घरी शिसे वितळवूच नये. फेकजाळ्याला लोखंडी कड्या किंवा बारीक साखळी चालते, तयार गोळ्या मिळतात, आणि पूर्वी भाजक्या मातीचे मणी लावतच असत. पण नको म्हटल्याने कढई उतरत नाही, हेही मला तीस वर्षांच्या व्यवसायात कळले आहे. म्हणून करणाऱ्याने निदान असे करावे.

जागा घरापासून दूर असावी. स्वयंपाकघर, ओसरी, अंगण, गोठा यांपैकी एकही नाही. डोक्यावर छप्पर असले तरी बाजू उघड्या हव्यात. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे, म्हणजे धूर पुढे जाईल. मात्र पुढे वस्ती, विहीर किंवा भाजीचा वाफा नको. मुले आणि गरोदर स्त्रिया त्या दिवशी तिकडे फिरकताच कामा नयेत. आईच्या हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते आणि वारेतून गर्भाला पोहोचते, म्हणून ज्या घरात लेकीसुना आहेत तिथे हे काम त्यांच्या हाती कधीच देऊ नये.

बादली रिकामी करून वजने आधी निवडावीत, तांदूळ निवडतात तशी, पण हातमोजे घालून. त्यात व्हॉल्व्ह, विडीची थोटके, रबराचे तुकडे, ग्रीस असे काय काय निघते. शिशाचे वजन पक्कडीत दाबले तर सहज चावले जाते, खिळ्याने ओरखडा खोल उठतो. जस्ताचे व लोखंडाचे दबत नाही. बहुधा त्यावर 'झेडएन' किंवा 'एफई' अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि एकदा शिशात मिसळले की ओतकाम बिघडते, गोळी नीट भरत नाही. यात एक फायदाही आहे. निवडीतून सुटलेले जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगत असतील तर विस्तव बेताचा आहे. ते विरघळू लागले तर तो भडकला आहे, कमी करावा. वजनांच्या लोखंडी पट्ट्याही वर येतात, त्या लांब दांड्याच्या झाऱ्याने अलगद काढाव्यात.

पाणी हा शिशाचा हाडवैरी. वरून पडलेला थेंब चर्र करून उडून जातो, पण ओल शिशाच्या खाली सापडली तर तिची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. ती जागा शिसे उडवूनच मिळते. कढईभर शिसे चेहऱ्यावर आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून वजने दोन दिवस उन्हात वाळवावीत, थंड कढईत भरूनच हळूहळू तापवावीत, वितळलेल्या शिशात नवा तुकडा कधीही टाकू नये. पळी आणि साचाही आधी तापवून कोरडा करावा. मातीचा किंवा विटेचा साचा वरून कोरडा वाटतो, आतून ओला असतो. पावसाळ्यात हे काम बंदच. कढई जाड लोखंडाची हवी. अॅल्युमिनियमचे पातेले तापल्यावर तळातून दगा देते. आणि एकदा शिशाला वापरलेली कढई, पळी, झारा पुन्हा स्वयंपाकात येऊ नये, भंगारात विकली जाऊन दुसऱ्याच्या स्वयंपाकात तर मुळीच नाही. तिला एक भोक पाडून ठेवावे.

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, जाड चामड्याचे हातमोजे, बंद जोडे, डोळ्यांना चष्मा. नायलॉन-टेरिकॉट नको, ते कातडीला चिकटते. कोरोनाच्या काळातला एन-९५ मास्क रुमालापेक्षा कितीतरी बरा, पण या कामाला बाजूला गाळणीच्या डब्या लावलेला, उच्च प्रतीच्या गाळणीचा रबरी मास्क हवा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसायचा तर दाढी काढलेली हवी.

मळी काढताना तो झारा आपटायचा नाही. झाकणाच्या लोखंडी डब्यात मळी हलकेच ओतून झाकण लावायचे. साठलेली मळी उकिरड्यावर, शेतात, नदीत टाकायची नाही. शिसे घेणाऱ्या परवानाधारक पुनर्वापर कारखान्याकडेच ती जायला हवी. इथे कायद्याचेही सांगितले पाहिजे. स्वतःच्या जाळ्यापुरते ओतणे निराळे आणि गावभरचे शिसे वितळवून विकणे निराळे. २०१६ च्या धोकादायक टाकाऊ पदार्थांच्या नियमांनुसार अशा धंद्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते.

काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ नये. कपडे तिथेच बदलावेत, वेगळ्या पिशवीत घालून वेगळे धुवावेत. पत्नीने ते झटकून दोरीवर टाकले की सगळी खबरदारी फुकट. डोक्यावरून आंघोळ करून मगच मुलाला कडेवर घ्यावे.

आणि चार ओळी बॅटरीसाठी. चाकाची वजने एक वेळ परवडली; जुन्या बॅटरीच्या प्लेटा घरी कधीही, कोणत्याही कारणाने वितळवू नयेत. त्यांत गंधकाचे आम्ल असते, शिशाची भुकटी आधीच तयार असते, आणि त्यांच्या मळीला ओल लागली तर आर्सेनिकचा अतिशय विषारी वायू निघू शकतो. बॅटरी फोडल्या जागची माती चाटून गुरे मरतात. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, अशी तरतूद २००१ च्या नियमांत होती. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. नवी घेताना जुनी दुकानात देऊन पैसे वळते करून घ्यावेत.

शिसे अंगावर उडालेच तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. चिकटलेला धातू ओढून काढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यात गेले असेल तर पाण्याने धूत धूत थेट छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय गाठावे.

तपासणी

ज्यांनी वर्षभरात दोन-चार वेळा शिसे वितळवले आहे त्यांनी, आणि त्यांच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने, रक्तातील शिशाची तपासणी एकदा करून घ्यावी. शिरेतून थोडे रक्त घेतात. नमुना बहुधा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो, म्हणून निकालाला काही दिवस लागतात. नेहमीच्या 'कंप्लीट ब्लड' तपासणीत शिसे कळत नाही, हे लक्षात ठेवावे. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की आम्ही शिसे ओततो. पोटात कळ, बद्धकोष्ठ, फिकटपणा, सांधेदुखी, मनगट लुळे पडणे यांसाठी येणारा रुग्ण हे सांगत नाही आणि आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी विचारतोच असे नाही.

आकडा वाढलेला निघाला तर पहिले औषध एकच, स्रोत बंद करणे. शिसे बाहेर काढणारी औषधे आहेत. मुलांत ती साधारण ४५ च्या वर आकडा गेला तर रुग्णालयात, देखरेखीखाली देतात. घरात धूळ तशीच असताना ती घेणे धोक्याचे ठरते, कारण शिसे बाहेर पडण्याऐवजी जास्त शोषले जाऊ शकते. अंगातले विष काढतो असे सांगणाऱ्या पुड्या आणि भस्मे यांच्या नादी लागू नये; त्यांतल्या काहींत शिसेच असते.

दूध-गुळाचे काय, तर ते उतारा नव्हे. गूळ खाऊन छातीतले शिसे सुटत नाही. पण रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते, आणि अन्नात कॅल्शियम व लोह पुरेसे असेल तर कमी, हे खरे आहे. म्हणून भाकरी-कालवण खाऊन कामाला जावे, मुलांना दूध, नाचणी, हिरवी भाजी, शेंगदाण्याचा लाडू द्यावा, आणि रक्तक्षय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाचे औषध. स्रोत बंद झाल्यावर रक्तातले शिसे साधारण महिन्याभराने निम्मे होते, पण हाडांत गेलेले वर्षानुवर्षे थोडे थोडे बाहेर येत राहते; म्हणून तपासणी महिन्याने आणि नंतर काही महिन्यांनी पुन्हा करावी.

घरामागे आधीच वितळवून झाले असेल तर ती जागा कोरड्या खराट्याने झाडू नये. धूळ घरात येते. सारवल्याने ती मातीत आणखी मिसळते. वरचा वीतभर थर ओला करून, पोत्यात भरून, मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर झाकून ठेवावा आणि त्याचे पुढे काय करायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारावे. खाली मुरूम टाकून शहाबादी फरशी किंवा सिमेंट करून घ्यावे. फरशीही ओल्या फडक्यानेच पुसावी, आणि ते पाणी तुळशीत, परसातल्या भाजीत किंवा गुरांच्या हौदाजवळ न ओतता संडासात ओतावे.